कुमारवयीन कादंबरी, शब्दसंपत्ती आणि वाचनाकलन : ‘श्यामची आई’ व ‘शाळा’ यांच्या अध्यापनाच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयात प्रथम वर्षाला प्रवेश घेणारा विद्यार्थी मराठी वाचू शकतो, हे आपण मराठीचे अध्यापक गृहीत धरून चालतो. तो बारा वर्षे मराठी शिकून आलेला असतो, उताऱ्याचे प्रकट वाचन बऱ्यापैकी करतो आणि परीक्षेत उत्तीर्णही होतो. त्यामुळे वाचनकौशल्य हा प्राथमिक शाळेचा प्रश्न आहे, आपले काम वाङ्मयप्रकार, कालखंड आणि समीक्षा शिकविण्याचे आहे, अशी आपली समजूत असते. प्रस्तुत लेखकाचीही काही वर्षे हीच समजूत होती. ती ज्या एका तासिकेत मोडली, तिच्यापासून या लेखाचा आरंभ करणे योग्य ठरेल.

बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी कला शाखेच्या प्रथम वर्षाला शिकविताना मी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तील ‘अळणी भाजी’ ही रात्र वाचावयास घेतली होती. पद्धत नेहमीचीच. आधी कठीण शब्दांची यादी फळ्यावर लिहिली, अर्थ लिहून दिले, मग वाचन. ‘अळणी म्हणजे मीठ नसलेले’ हे सर्वांनी वहीत उतरवून घेतले. प्रसंग साधा आहे. आईच्या हातून भाजीत मीठ घालायचे राहते. वडील काही न बोलता जेवतात. वडील बोलत नाहीत म्हणून मुलेही बोलत नाहीत. पुढे आई जेवावयास बसते तेव्हा तिला आपली चूक कळते. श्याम या प्रसंगाचा अर्थ पुढे स्वतःच उलगडून सांगतो. त्या भागापर्यंत जाण्यापूर्वी मी वाचन थांबविले आणि विचारले, ‘वडील का बोलले नसतील?’

पहिले उत्तर आले, ‘आई संस्कारी होती म्हणून.’ हे उत्तर प्रश्नाचे नव्हते. ‘श्यामची आई’ या पुस्तकावर विचारल्या जाणाऱ्या कोणत्याही प्रश्नाला मार्गदर्शक पुस्तिकांतून पाठ केलेले ते उत्तर होते. दुसरा म्हणाला, ‘वडिलांना चव कळली नसेल.’ आणि मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने, बराच वेळ थांबून सांगितले, ‘सर, ते रागावले असतील. आमच्या घरी बाबा जेवताना गप्प बसले की समजून जायचं.’

या तिसऱ्या उत्तराला मी त्या दिवशी ‘चूक’ म्हटले. आज तसे म्हणणार नाही. का म्हणणार नाही, याचे विवेचन हाच या लेखाचा विषय आहे.

वाचता येणे आणि कळणे

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाची एक सोपी मांडणी केली. लिखित चिन्हांचे उच्चारात रूपांतर करण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे वाचनाकलन, असे त्यांचे सूत्र आहे. येथे बेरीज नाही, गुणाकार आहे, ही बाब महत्त्वाची. दोहोंपैकी एक शून्य असेल तर फलितही शून्यच. आपल्याकडे शालेय वाचनाच्या पाहण्यांतून प्रामुख्याने पहिली क्षमता मोजली जाते. मूल उतारा अडखळता वाचते की अस्खलित, हे पाहिले जाते. देवनागरीसारखी उच्चारानुसारी लिपी एकदा आत्मसात झाली की न कळलेला मजकूरही बिनचूक वाचता येतो. माझा वर्ग ‘अळणी भाजी’ उत्तम वाचत होता. या अस्खलितपणानेच माझी दिशाभूल केली.

हा केवळ ग्रामीण किंवा पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांचा दोष आहे, असे मानण्याचे कारण नाही. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचावयास दिल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिक्रियांचा अभ्यास १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात मांडला. त्या काळातील निवडक विद्यार्थ्यांनाही कवितेचा सरळ वाच्यार्थ हाती लागत नव्हता आणि ठरावीक प्रतिक्रिया त्यांच्या वाचनाच्या आड येत होत्या, हे त्यांना आढळले. ‘आई संस्कारी होती म्हणून’ हे अशाच ठरावीक प्रतिक्रियेचे मराठी उदाहरण होय. फरक एवढाच की रिचर्ड्स यांच्या विद्यार्थ्यांना ती त्यांच्या परंपरेने शिकविली होती. आमच्या विद्यार्थ्यांना ती आम्हीच, प्रश्नपत्रिकेच्या द्वारे, शिकविलेली आहे.

मग कादंबरीच का, आणि तीही कुमारवयीन का? सुटा उतारा विद्यार्थ्याला पूर्वज्ञान जमविण्यास अवधी देत नाही. कादंबरीत मात्र तीच माणसे, तेच घर, तीच बोली पुनःपुन्हा भेटते. पहिल्या प्रकरणात अडलेला शब्द चौथ्या प्रकरणात निराळ्या संदर्भात येतो आणि सातव्यात तो वाचकाचा होतो. कुमारवयीन नायकाच्या कादंबरीत तर वाचकाला वयाची ओळख आधीच असते. कथनातील प्रश्न (घरच्यांना काय सांगावे, मित्रांत कसे दिसावे, भीती कशी लपवावी) त्याने नुकतेच जगलेले असतात. भाषा अनोळखी असली तरी अनुभवाची एक बाजू ओळखीची असणे, हा आकलनाला मिळणारा मोठाच आधार आहे.

‘श्यामची आई’ ही काटेकोर अर्थाने कादंबरी आहे काय, यावर मतभेद होऊ शकतात. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक बेचाळीस रात्रींच्या कथनांत विभागलेले आहे. परंतु एकच निवेदक, एकच घर आणि त्या घराची सधनतेकडून कर्जबाजारीपणाकडे व अखेर आईच्या मृत्यूकडे होणारी वाटचाल पाहता, अध्यापनाच्या दृष्टीने तिचे वाचन कुमारवयीन कादंबरी म्हणून करण्यास प्रत्यवाय नसावा.

एका शब्दाचा विस्तार

शब्दांची यादी देऊन शब्दसंपत्ती वाढत नाही, हे आपण सर्वजण जाणतो आणि तरीही यादी देतो. इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये शब्दांचे तीन स्तर सुचविले. नित्य बोलण्यातील शब्द, अनेक विषयांत व लेखनात वारंवार येणारे प्रगल्भ शब्द आणि विशिष्ट क्षेत्रापुरते मर्यादित शब्द. अध्यापनाचा भर दुसऱ्या स्तरावर असावा, हे त्यांचे प्रतिपादन. मराठीच्या वर्गात मात्र हे स्तर डळमळतात. ‘पत्रावळ’ हा शब्द पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्याला तिसऱ्या स्तराचा. माझ्या वर्गात तो पहिल्या स्तराचा ठरला, कारण पळसाची पाने आणून पत्रावळी लावणाऱ्या आजीला काही मुलांनी पाहिले होते. त्याच मुलांना ‘पडवी’ आणि ‘माजघर’ परके होते. त्यांच्या घराला ओसरी होती. कोकणातील घराची रचना फळ्यावर काढून त्यांना ती समजली, आणि मला एक गोष्ट समजली. शब्दाचा कठीणपणा शब्दात नसतो, तो शब्द आणि वाचक यांच्यातील अंतरात असतो. सर्वांसाठी छापलेली शब्दार्थांची यादी हे अंतर सर्वांचे सारखेच धरते.

‘पत्रावळ’ या रात्रीत श्यामला पत्रावळ लावता येत नाही यावरून प्रसंग उभा राहतो. त्या दिवशी मी शिकविण्याऐवजी दोन विद्यार्थ्यांनी वर्गाला पाने कशी टाचतात ते सांगितले. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली तेव्हा गावातील लग्नात पुन्हा पत्रावळी दिसू लागल्याची आठवणही निघाली. इतर वेळी वर्गात मान खाली घालून बसणारी ही मुले होती.

‘अळणी’ या शब्दाकडे मी पुढच्या वर्षी यादीतून नव्हे, शब्दकुलातून गेलो. संस्कृतातील ‘अलवण’ वरून ‘अळणी’. ‘लवण’ म्हणजे मीठ. त्याचे मराठीत ‘लोण’ झाले. हे सांगून मी विचारले, ‘हा लोण आणखी कोठे दिसतो?’ क्षणभर शांतता आणि मग ‘लोणचं!’ असा एकदम चार-पाच बाकांवरून आवाज. मग कोणीतरी ‘लोणार’ म्हणाले. लोणारचे सरोवर आमच्याच जिल्ह्यातले. त्याचे पाणी खारे, हे सहलीला जाऊन आलेल्या प्रत्येकाला ठाऊक, पण गावाच्या नावाकडे त्या नजरेने कोणी पाहिलेले नव्हते. ‘निंबलोण उतरणे’ मी सांगितले. त्यातील लिंबाचा पाला आणि मीठ ही दोन्ही त्यांच्या घरात दृष्ट काढताना पाहिलेली. शेवटी ‘लावण्य’ हा शब्द त्याच ‘लवण’ मधून आला आहे, हे सांगताच वर्गाचा विश्वास बसेना. रूपालाही मीठ लागते, नाहीतर तेही अळणीच, हे कळल्यावर पुढच्या तासिकांत ‘अळणी’ या शब्दाचा लाक्षणिक वापर मुले आपण होऊन करू लागली. एका विद्यार्थ्याने कबड्डीतील ‘लोण’ आणला. ध्वनी सारखा म्हणून मूळ एक, असे लगेच मानू नये, एवढे सांगून तो शब्द फळ्याच्या दुसऱ्या टोकाला लिहून ठेवला. व्युत्पत्तीच्या नावाखाली आपल्याकडे पुष्कळ गमतीजमती चालतात, तेव्हा हा सावधपणाही शब्दशिक्षणाचाच भाग मानावयास हवा.

या कामी दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड ग्रंथालयातून वर्गात आणले. १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध झालेल्या या कोशाला हात लावलेला एकही विद्यार्थी वर्गात नव्हता. कोशात शब्द शोधताना वर्णानुक्रमच येत नाही, ही अडचण सर्वप्रथम पुढे आली. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कोठे शोधावयाचे यावर अर्धी तासिका गेली. ती वाया गेली असे मला वाटत नाही.

कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलेले दुष्टचक्र येथे लक्षात घ्यावे लागते. ज्याला शब्द कमी येतात तो कमी वाचतो, कमी वाचतो म्हणून त्याचे शब्द वाढत नाहीत, आणि ज्याच्याजवळ आहे त्यालाच अधिक मिळत जाते. शब्दकुलाची पद्धत हे चक्र मोडते असा दावा मी करणार नाही. परंतु विद्यार्थ्याजवळ जे आधीच आहे (लोणचे, लोणार, दृष्ट काढणे) तेच भांडवल म्हणून वापरता येते, एवढे निश्चित.

मौनाचा अर्थ

आता त्या तिसऱ्या उत्तराकडे वळू. ‘ते रागावले असतील’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थिनीने शब्द ओळखले होते, प्रसंग समजून घेतला होता आणि न लिहिलेल्या गोष्टीबद्दल अनुमानही केले होते. म्हणजे आकलनाच्या ज्या पायऱ्या आपण पाठ्यपुस्तकात सांगतो, त्या सर्व ती चढली होती. ‘आई संस्कारी होती’ म्हणणारा यांपैकी एकही पायरी चढला नव्हता. तिचे अनुमान संहितेशी जुळत नव्हते, हे खरे; पण ते तिच्या घरातील जेवणाशी तंतोतंत जुळत होते. लुईझ रोझेनब्लाट यांनी वाचन हा वाचक आणि संहिता यांच्यातील व्यवहार मानला आहे. त्या व्यवहारात वाचक स्वतःचे आयुष्य घेऊन येतो. मात्र संहितेलाही तेथे बोलण्याचा अधिकार असतो आणि नेमकी तीच संधी मी त्या दिवशी दिली नाही. ‘चूक’ म्हणून पुढे गेलो.

करावयास हवे होते ते असे. ‘रागावले असतील, तर आईला कळल्यावर तिची अवस्था कशी असायला हवी?’ असे विचारून पुढचा भाग वाचावयास लावणे. रागाला घाबरणारी स्त्री चूक उघडकीस आल्यावर भ्याली असती. या आईला भीती वाटत नाही. आपण सर्वांना अळणी भाजी वाढली, याची तिला खंत वाटते. या एका फरकावरून वडिलांच्या मौनाची जात कळते. पुढच्या वर्षी मी हेच केले. त्या वेळी एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न मात्र माझ्या टिपणांत नव्हता. ‘सर, पण आई सगळ्यात शेवटी जेवली म्हणून तर तिला उशिरा कळलं ना? ती सोबत का नाही जेवली?’

‘श्यामची आई’वरील समीक्षेतून मला जे मिळाले नव्हते ते या प्रश्नाने दिले. या प्रसंगाचे सारे नाट्य आई शेवटी जेवते या गोष्टीवर उभे आहे आणि ती गोष्ट संहिता गृहीत धरते. श्याम वडिलांच्या संयमाचे व आईच्या खंतीचे मोल सांगतो. पंगतीच्या क्रमाबद्दल त्याला सांगण्यासारखे काही वाटत नाही. संहितेने काय सांगितले आहे, काय सुचविले आहे आणि काय सांगण्याची तिला गरजच वाटलेली नाही, हे तीन थर वेगळे करता येणे म्हणजे प्रौढ आकलन. अठरा वर्षांच्या मुलीने ते केले, आणि त्यासाठी तिला कोणत्याही समीक्षापद्धतीचे नाव ठाऊक असण्याची गरज पडली नाही.

येथे साने गुरुजींच्या लेखनाविषयी एक मत स्पष्ट नोंदवावेसे वाटते. आकलन शिकविण्याच्या दृष्टीने या पुस्तकाचे सर्वांत मोठे बळ त्याच्या प्रसंगांत आहे आणि सर्वांत मोठी अडचण त्याच्या भाष्यात. श्याम गोष्ट सांगतो आणि लगेच तिचा बोध सांगतो. आश्रमातील मित्रांसमोर बोलणाऱ्या निवेदकाला ते स्वाभाविक आहे. त्या काळी वाचकालाही ते हवे असेल. परंतु आजच्या वर्गात हे भाष्य म्हणजे आयते उत्तर ठरते. विद्यार्थी प्रसंग वाचतच नाही, भाष्य शोधतो. ‘श्यामचे पोहणे’ या रात्रीत आईने मारून पोहावयास धाडलेल्या मुलाचा तिच्यावरचा राग आणि तिची माया या दोहोंमधील ताण वाचकाने स्वतः अनुभवावा एवढा समर्थ आहे. म्हणून भाष्याच्या आधी थांबणे, विद्यार्थ्यांचे अर्थ लिहून घेणे आणि मग श्यामचे भाष्य हा ‘आणखी एक अर्थ’ म्हणून वाचणे, ही पद्धत मला उपयुक्त वाटली. काही विद्यार्थी श्यामशी असहमत झाले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे रुचले नाही. त्यांचा आक्षेप मी समजू शकतो. या पुस्तकाशी अनेकांचे नाते वाचकाचे नाही, मुलाचे आहे.

‘शाळा’ : सोपे शब्द, अवघड अर्थ

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. नववीत शिकणारा मुकुंद जोशी तिचा निवेदक आहे आणि पार्श्वभूमीला आणीबाणीचा काळ आहे. ‘श्यामची आई’नंतर ती हाती दिली तेव्हा विद्यार्थ्यांची पहिली प्रतिक्रिया सुटकेची होती. कठीण शब्द नाहीत, वाक्ये छोटी, भाषा मुलांची. पहिल्या आठवड्यात ‘समजली’ असे सर्वांनी सांगितले.

प्रत्यक्षात ‘शाळा’ अधिक अवघड आहे, कारण जोशी भाष्य करीत नाही. तो पाहतो, सांगतो आणि पुढे जातो. मोठ्या माणसांच्या बोलण्यातील अर्धे त्याला कळत नाही. वाचकाला मात्र निवेदकाच्या डोक्यावरून पलीकडचे पाहावे लागते. याचे उत्तम उदाहरण आणीबाणीचेच. माझ्या वर्गातील बहुतेकांना ‘आणीबाणी’ हा शब्द दवाखान्यातील ‘इमर्जन्सी’ एवढ्याच अर्थाने परिचित होता. जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात देशात काय घडले, वृत्तपत्रांवर कोणती बंधने आली, विरोधकांना तुरुंगात का टाकले, हे सांगितल्याखेरीज कादंबरीतील मोठ्यांची दबकी संभाषणे केवळ मधले अडथळे वाटतात. पूर्वज्ञानाशिवाय शब्दार्थ निरुपयोगी असतो, हे यापेक्षा स्पष्ट कोठे दिसणार? इतिहास विभागातील सहकाऱ्यांनी या विषयावर एक तास घेतला. त्यानंतर त्याच पानांतून मुलांनी भीती वाचली.

दुसरे अवघड स्थळ संबोधनांचे. जोशी ज्या मुलीत गुंतलेला आहे तिचा उल्लेख तो ‘शिरोडकर’ असा आडनावानेच करतो. ‘हे अपमानाचे आहे का?’ असा प्रश्न आला, तर दुसऱ्याने सांगितले की आमच्या वर्गातही मुलींना आडनावानेच हाक मारतात, नाव घेतले की चिडवतात. म्हणजे जे दुरावा दाखविते तेच आडनाव जवळीक लपविण्याचेही साधन होते. कोशात ‘आडनाव’ या शब्दाखाली हा अर्थ मिळणार नाही. तो स्वरात आहे, आणि स्वर ऐकू येणे हीच वाचनातील शेवटची आणि आपण कधीही न शिकविलेली गोष्ट होय.

मुलांच्या तोंडची भाषा वर्गात वाचावी काय, हा प्रश्न विभागात निघाला. ‘लाइन देणे’ यांसारखे प्रयोग महाविद्यालयाच्या वर्गात शोभत नाहीत, असे मत व्यक्त झाले. माझे मत निराळे आहे. विद्यार्थ्याला प्रमाण भाषा शिकवावयाची तर बोली, प्रमाण आणि मित्रांतील भाषा या तिन्हींमधील सीमा त्याला दिसल्या पाहिजेत. ‘शाळा’त त्या एकाच पानावर दिसतात. जोशी घरी एका भाषेत बोलतो, मित्रांत दुसऱ्या. विद्यार्थ्यांनी एक प्रसंग निवडून तो मुख्याध्यापकांना द्यावयाच्या निवेदनाच्या भाषेत लिहावा, असा स्वाध्याय दिला. निवेदनात मजकूर राहिला आणि गंमत गेली, असे एकाने स्वतःच नोंदविले.

या कादंबरीची मर्यादाही वर्गात लपत नाही. तिच्यातील मुली जोशीच्या नजरेपुरत्या आहेत. शिरोडकरला काय वाटत होते, हे आपल्याला तेवढेच कळते जेवढे चौदा वर्षांच्या एका गोंधळलेल्या मुलाला कळले. निवेदनतंत्राच्या दृष्टीने हे सुसंगत आहे. पण वर्गातील निम्म्याहून अधिक वाचक मुली असताना हा प्रश्न तांत्रिक राहत नाही.

मूल्यमापनाची अडचण

सर्वांत कठीण भाग गुणांचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर अंतर्गत मूल्यमापन आणि क्षमताविकास हे शब्द आपल्या सर्व कागदपत्रांत आले आहेत. पण आकलनाचा प्रश्न अजूनही बहुधा उताऱ्यातील वाक्य शोधून लिहिण्याचाच असतो. अनेक अर्थांना वाव द्यावयाचा तर कोणत्याही उत्तराला गुण द्यावयाचे काय? मी सध्या वापरीत असलेला तोडगा असा आहे. अर्थ कोणताही मांडा, त्याला आधार देणारे संहितेतील स्थळ दाखवा आणि त्याच्या विरोधात जाणारे एक स्थळही दाखवा. गुण आधाराला व विरोधी स्थळाला आहेत, अर्थाला नाहीत. या पद्धतीने तपासण्यास वेळ लागतो आणि मोठ्या वर्गात ती पूर्णतः राबविता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. ग्रंथालयात प्रती कमी असल्याने ‘शाळा’ गटागटाने, एकाने वाचायची व इतरांनी ऐकायची अशी वाचावी लागली. त्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. मोठ्याने वाचणाऱ्याला स्वर निवडावाच लागतो, आणि स्वर चुकला की ऐकणारे हसून दुरुस्त करतात.

अखेरचा स्वाध्याय ऐच्छिक ठेवला होता. कादंबरीतील कोणताही एक प्रसंग शिरोडकरच्या बाजूने लिहावा. मुलांनी लिहिलेली शिरोडकर बहुतांशी जोशीवर प्रेम करीत होती. एका विद्यार्थिनीने दीड पान लिहिले. तिच्या शिरोडकरला जोशीचे पाहणे कळत होते, आवडतही होते. पण रस्त्याने जाताना कोण पाहते आहे आणि घरी कोण सांगेल, याच हिशेबात तिचा सारा प्रसंग संपत होता. खाली तिने आधाराचे एक स्थळ नोंदविले होते आणि विरोधी स्थळाच्या जागी लिहिले होते, ‘जोशीने हे पाहिले नाही, म्हणून पुस्तकात नाही.’ नियमाप्रमाणे त्या जागेचे गुण देता येत नव्हते. मी ते दिले.